इराच्या दगडाची नोंदवही (वीरगळ स्कॅनिंग, नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५)

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून नोंदी लिहायच्याच असं ठरवलंय. मागच्या वेळी दीपमाळेचं काम केलं तेव्हा सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि सहा महिन्यांनी "फायनल २ नवीन" नावाच्या फोल्डरात नक्की काय आहे ते माझं मलाच सांगता येईना.

तर गाव भोरच्या पलीकडचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. फोटोतलं जीपीएस पण काढून टाकूनच फाइली पुढे पाठवणार, कारण असे सुटे दगड रात्रीतून गाडीत घालून नेणारे लोक आहेत आणि त्यांना पत्ता आपणच का द्या. भैरवनाथाच्या देवळामागे भिंतीला टेकून एक वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) उभी आहे, जमिनीच्या वर साधारण साडेतीन फूट. गावात वीरगळ कोणी म्हणत नाही, "इराचा दगड" म्हणतात, आमोश्याला नारळ फुटतो, शेंदूर आणि तेल चढतं. तीन चौकटी दिसतात. खालच्या चौकटीत ढाल-तलवारीची लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलाय, त्याच्या वर चंद्र-सूर्य. टोकाचा कलश फुटलेला. आणि मधल्या-वरच्या चौकटीमधल्या पट्टीवर काहीतरी कोरलंय, म्हणजे मॅडमच्या मते अक्षरं आणि माझ्या मते छिन्नीचे ओरखडे.

टीम म्हणजे मी (पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, शनिवार-रविवार रिकामा), मॅडम (निवृत्तीनंतर इंडॉलॉजी शिकल्या, आता आमच्यापेक्षा जास्त चालतात) आणि माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, ज्याला ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आहे म्हणून घेतला हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

घाई कशाची तर देवळाचा जीर्णोद्धार होणार आहे. समिती झालीये, वर्गणी सुरू आहे.

२४ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीचं पत्र. मी उत्साहात सांगितलं की आधी फोटोग्रामेट्री (खूप फोटोंवरून थ्रीडी मॉडेल) आणि मग आरटीआय करायचाय, तर भाऊसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. आरटीआय म्हणजे माहितीचा अधिकार नाही हो, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग, वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून फोटो काढायचे, असं समजावेपर्यंत चहा गार झाला. पत्रात शेवटी "फोटो काढणेस हरकत नाही" एवढंच आलं. पुढच्या वेळी "बॅटरी मारून फोटो" म्हणायचं.

गुरव मामांची अट एकच, "पाव्हनं, शेंदूर खरवडायचा न्हाय." आम्ही पण तेच सांगत होतो की हातच लावणार नाही, ना पाणी, ना ब्रश, ना खडू. अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ भरायची जुनी सवय आहे लोकांना, काहींनी तर ऑइलपेंट भरून ठेवलाय, आणि गंमत अशी की पेंट भरणाऱ्याला जे अक्षर वाटलं तेच मग कायमचं होऊन बसतं. मूळ रेघ राहते बाजूला.

८ डिसेंबर

पहिलं शूट. सकाळी ७ ला पोचलो, धुकं होतं, म्हणजे आमच्यासाठी लॉटरी. ऊन आलं की सावल्या येतात, सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअरला वाटतं दगडच हलला. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ ८, आयएसओ १००, तीन उंचीवरून अर्धगोल फेऱ्या, मग प्रत्येक चौकटीचे जवळून, दोन शेजारच्या फोटोंत किमान पाऊण भाग तोच आला पाहिजे या हिशोबाने. एकूण ४१२. शेजारी रंगाचा पट्टा आणि दोन स्केल ठेवले, कारण मोजमाप नसलेलं मॉडेल म्हणजे नुसतं खेळणं, त्यात वीर फूटभर आहे का बोटभर ते कळत नाही.

मागची बाजू मिळाली नाही, दगड भिंतीला चिकटलाय. खालचा भाग पण फरशीत गेलाय, किती ते माहीत नाही.

९ डिसेंबर, रात्री

भाच्याने फोटो मेशरूम या मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला घातले. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पण डेप्थ मॅप (कुठला बिंदू किती खोल त्याचा नकाशा) काढायला एनव्हिडियाचंच कार्ड लागतं, म्हणून तर भाचा. रात्री ११ ला लावलं, सकाळी बघतो तर मॉडेल छान, फक्त वीराच्या छातीवर मोठ्ठा खड्डा. कारण शेंदूर आणि तेल. तेलकट जागा चमकते, चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते, सॉफ्टवेअरला त्या जागेचा एकही बिंदू दोन फोटोंत सारखा सापडत नाही. म्हणजे ज्या जागेला लोकांनी सगळ्यात जास्त हात लावलाय तीच जागा गायब. मॅडम म्हणाल्या भक्तीचा खड्डा.

२१ डिसेंबर

उपाय केला. फ्लॅशवर पोलरायझर फिल्म, लेन्सवर फिरणारा पोलरायझर, दोन्ही एकमेकांना आडवे केले की वरवरची चमक जवळजवळ मरते आणि आतला रंग तेवढा येतो. फिल्म मागवली, थर्माकोलला चिकटवून फ्लॅशवर रबरबँडने बांधली, दिसायला भयानक पण चालली. उजेड मात्र इतका कमी होतो की फ्लॅश फुल पॉवरवर, ८० फोटोंनंतर सेल बसले, गावातल्या दुकानातले सेल त्याहून आधी बसले. एकूण १६३ मिळाले. खड्डा भरला, खराखुरा भरला, म्हणजे आम्ही हाताने बुजवला नाही. हे लिहून ठेवतोय कारण बुजवणं एका क्लिकचं काम होतं आणि भाच्याने ते करून पण दाखवलं होतं. एकदम गुळगुळीत छाती. जिममधून आल्यासारखी.

या आठवड्यात शिकलो ते हे की "होल फिल" हे बटण आमच्या कामात बंद ठेवायचं.

१२ जानेवारी २०२५

देवळाच्या शिखराचं स्कॅन ड्रोनने करू म्हटलं होतं. मित्राचा २४९ ग्रॅमचा आहे, २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्याला पायलटचं लायसन लागत नाही. नियम पाळला, पण शिखराच्या पूर्वेला कोनाड्यात आग्या मोहोळ आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मामांनी सांगितलं होतं, "वर म्हवाळ हाय" असं, आम्हाला ते नीट कळलं नाही. ड्रोन जेमतेम दहा मीटर वर गेला असेल आणि... मॅडम सगळ्यात आधी गाडीत पोचल्या. मला तीन चावल्या, भाच्याला एक. ड्रोन आपोआप परत येऊन उतरला, कोणी घ्यायला गेलं नाही दोन तास. शिखर रद्द, किंवा खालून लांब लेन्सने बघू.

१ फेब्रुवारी, शनिवार

आरटीआयची रात्र. पद्धत दिसायला अगदी गावठी आहे, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर एका जागी पक्का, हलवायचा नाही, आणि फ्लॅश हातात घेऊन छत्रीच्या काड्यांसारखा चारी बाजूंनी फिरवायचा, दरवेळी एक फोटो. अंतर सारखं राहावं म्हणून फ्लॅशला दोरी, दोरीचं दुसरं टोक दगडाजवळ धरायचं (दगडाला लावायचं नाही), ताणायची, सोडायची, क्लिक. दोरी साधारण जेवढा भाग टिपायचाय त्याच्या तीन-चार पट. शेजारी एक काळा चकचकीत गोळा ठेवायचा, त्याच्यावर उजेडाचा ठिपका कुठे पडला त्यावरून सॉफ्टवेअर उजेडाची दिशा काढतं. गोळा म्हणून भाच्याने कॉलेजजवळच्या क्लबातून स्नूकरचा काळा बॉल आणलाय, "आणलाय" हाच शब्द वापरू.

मूळ कल्पना टॉम माल्झबेंडर आणि एचपीच्या लॅबमधल्या लोकांनी २००१ मध्ये मांडली, पुढे २००५ ला ग्रीसमधल्या अँटिकिथेरा या प्राचीन यंत्राच्या गंजलेल्या तुकड्यांवरची बारीक अक्षरं वाचायला हीच युक्ती वापरली. आपल्याकडचे शिलालेखवाले रात्री तिरपी बॅटरी मारून वाचतातच की, फक्त त्यात बॅटरीच्या एका जागेला एकच रेघ उठते. इथे सगळ्या जागा एकाच फाइलमध्ये येतात आणि नंतर घरी बसून माऊसने उजेड फिरवता येतो.

रात्री ९ ते १. कुत्री, थंडी, एकदा लाइट गेली तेव्हा उलट बरंच झालं, समोरचा हायमास्ट दिवा बंद झाला. ४८ फोटोंचे तीन सेट. मामा शेवटपर्यंत घोंगडी घेऊन बसले होते, मध्येच म्हणाले, "लगीन असल्यासारका लखलखाट केला बगा इराला."

४ फेब्रुवारी

आरटीआयची फाइल तयार झाली, रीलाइट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. उजेड डावीकडून अगदी तिरपा केला आणि "स्व" दिसला. मी ओरडलो की काय झालं म्हणून बायको आतून आली. मग "स्ति", मग "श्री", मग एक "स". त्याच्यापुढे दगडाचा पापुद्रा निघालाय. मॅडमना फोनवर स्क्रीन दाखवली, त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत आणि मग म्हणाल्या "बरं, आता घाई करायची नाही."

घाई म्हणजे काय ते सांगतो. यादवकाळातले लेख बरेचदा "स्वस्ति श्री सकु" असे सुरू होतात, पुढे शकाचा आकडा, मग संवत्सराचं नाव. त्यामुळे "स" दिसला की हात शिवशिवतात, पुढे "कु" असणारच, आकडा असणारच. पण आकडा दिसत नाही तोवर तो नाही. अक्षीच्या लेखाचंच बघा, अलिबागजवळचा, डॉ. शं. गो. तुळपुळ्यांनी शके ९३४ वाचला म्हणजे १०१२ साल, आणि आकड्यांच्या त्या वाचनावर अजून वाद चालू आहे. कुडलचा, सोलापूर जिल्ह्यातला, शके ९४०. म्हणजे मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख कोणता हा सगळा तंटा दोन-चार झिजलेल्या आकड्यांवर टेकलाय. आमच्या दगडाला तर आकडाच नाही. फाइलमध्ये लिहिलं: "स्वस्ति श्री स[...]". पुढे कंसात रिकामं. भाच्याला ते रिकामं फार बोचतंय.

१६ फेब्रुवारी

दगडाच्या उजव्या कडेला उभ्या खोल खाचा आहेत, सात-आठ, बोटाएवढ्या. मी त्यांना "नुकसान" म्हणून लाल रंगाने मार्क केलं होतं. मामांच्या आई, नव्वदीच्या पुढच्या असतील, लॅपटॉपवर बघून हसायला लागल्या. त्यांचे सासरे तिथेच विळ्याला धार लावायचे, त्यांच्या आधीचे पण. भाताच्या कापणीच्या दिवसांत रांग लागायची म्हणे. आजींना विचारलं, देवाच्या दगडावर विळा घासला तर चालायचं का? "इर आमचाच की रं बाबा, त्यो कशाला रागवंल?"

लाल रंग काढला. आता त्याची वेगळी नोंद, "धार लावल्याच्या खुणा, वापरातल्या". दगड कोरला त्या दिवसापासूनच्या त्याच्या आयुष्यातला तो पण एक भाग आहे, आणि आम्ही तो "क्लीन अप" करणार होतो.

२ मार्च

महाशिवरात्रीला (२६ फेब्रुवारी) गावात फिरून सांगितलं होतं की देवळाचे जुने फोटो असतील तर द्या, लग्नातले, वरातीचे, जावळाचे, कशाचेही. आज एका काकूंनी अल्बम काढला. १९८७ सालची वरात, नवरदेव घोड्यावर, मागे भिंतीला टेकलेला आपला दगड, आणि वर अख्खा कलश!

मला एकदम अफगाणिस्तानातलं बामियान आठवलं. २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने बुद्ध उडवले, त्यानंतर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या आर्मिन ग्रून आणि त्यांच्या टीमने ५३ मीटरच्या बुद्धाचं थ्रीडी मॉडेल उभं केलं ते मुख्यतः १९७० साली रॉबर्ट कोस्टका यांनी मोजणीच्या कॅमेऱ्याने काढून ठेवलेल्या फोटोंवरून. फोटो काढणाऱ्याला तेव्हा काय माहीत. आमच्या वरातीच्या फोटोग्राफरला पण काय माहीत, त्याचं लक्ष घोड्यावर.

पण फोटो एकच आहे आणि तो पण समोरून. एका फोटोवरून उंची-रुंदीचा अंदाज येतो, जाडी येत नाही.

८ मार्च

भांडण. रेकॉर्डवर असू दे म्हणून लिहितोय.

भाच्याने आठवडाभर बसून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कलश बनवला, तुटलेल्या जागेवर बेमालूम बसवला, झिजलेल्या वीराला नाक-डोळे-मिशी दिली (एआयला शंभर वीरगळींचे फोटो दाखवून), शेंदूर काढून टाकला आणि काळाकुळकुळीत दगड. दिसायला जबरदस्त, खोटं कशाला बोला. समितीच्या अध्यक्षांनी बघितलं आणि म्हणाले हेच बॅनरवर छापू. मॅडम म्हणाल्या हे आपल्या नावाने बाहेर जाणार नाही.

भाचा म्हणतो लोकांना झिजलेला दगड कळत नाही, मिशी असली की कळतो. त्यात खोटं काही नाही. मॅडम म्हणतात जुन्या वास्तू जपण्याच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा, आणि कॉम्प्युटरवरच्या कामासाठी पुढे लंडन चार्टर आलं, त्यात पण हेच की बघणाऱ्याला कळलं पाहिजे पुरावा कुठे संपतो आणि तुमची कल्पना कुठून सुरू होते. आणि मिशी? वीराला मिशी होती हे तुला कोणी सांगितलं?

मी मध्ये. जेवण झाल्यावर तोडगा असा निघाला: दोन थर. मूळ स्कॅन जसाच्या तसा, त्याला कोणी हात लावायचा नाही. कलश वेगळा थर, सपाट राखाडी रंगात, वरातीच्या फोटोच्या नोंदीसकट, बटण दाबलं तर दिसेल. चेहरा रद्द. भाच्याने दोन दिवस ग्रुपवर मेसेज टाकला नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

समितीने काम सुरू केलं. आज नारळ फोडला.

१३ एप्रिल

सभामंडपाच्या खांबांवर सँडब्लास्टिंग. आम्हाला शुक्रवारी कळलं, शनिवारी पोचलो तोवर सहा खांब झाले होते. जुना ऑइलपेंट काढायचा होता हे मान्य, पेंट निघाला पण, त्याच्याबरोबर दगडाची कातडी पण निघाली. कंत्राटदार म्हणाला साहेब बघा कसे नवे दिसतात. दिसतात हो नवे, तेच तर.

डिसेंबरात जाता जाता दोन खांबांचं स्कॅन करून ठेवलं होतं, नशीब. आज तेच परत केलं आणि रात्री क्लाउडकंपेअर या स्कॅन ताडून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवलं. आमची स्वतःची चूक ०.३ मिलिमीटरच्या आसपास धरली तरी कडांना मिलिमीटरभर आणि एके ठिकाणी त्याहून जास्त गेलंय. ऐकायला काहीच नाही, मिलिमीटर. पण घडवणाऱ्याच्या छिन्नीच्या खुणा तेवढ्याच खोल असतात. रंगीत नकाशा प्रिंट काढून अध्यक्षांना दाखवला, निळं म्हणजे शाबूत, लाल म्हणजे गेलेलं, आणि खांब वरपासून खालपर्यंत लाल. ते बराच वेळ बघत बसले. मग फोन लावून बाकीच्या खांबांचं ब्लास्टिंग थांबवलं. पेंट सावकाश लेप लावून काढायचा ठरलं, खर्च वाढणार म्हणून कोषाध्यक्ष आमच्याशी बोलत नाहीत. एवढ्या महिन्यांत स्कॅनचा खरा काही उपयोग झाला असेल तर तो आज.

२७ एप्रिल

हार्डडिस्क टिकटिक करायला लागली. सगळा कच्चा माल, १९० जीबी. दोन कॉप्या होत्या असं मी सगळ्यांना सांगत होतो, दुसरी कॉपी जानेवारीपर्यंतचीच निघाली. आरटीआयचे सेट फक्त भाच्याच्या लॅपटॉपवर, तेही त्याने गेमला जागा हवी म्हणून डिलीट करायच्या बेतात होते. वाचलो.

आता नियम: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर (मॅडमच्या कपाटात, साड्यांखाली). प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारा आकडा) काढून यादी, दर तीन महिन्यांनी ताडून बघायचा. कच्चे फोटो डीएनजी, मॉडेल पीएलवाय, नोंदी साध्या टेक्स्टमध्ये, कुठल्याही कंपनीच्या खास फॉरमॅटमध्ये काही नाही. बीबीसीने १९८६ साली इंग्लंडच्या ९०० वर्षं जुन्या डोम्सडे बुकाची (जमीनजुमल्याची नोंदवही) नवी डिजिटल आवृत्ती लेझरडिस्कवर केली, पंधराएक वर्षांत ती वाचायची मशीनच मिळेनाशी झाली, आणि १०८६ चं चामड्यावरचं पुस्तक आजही उघडून वाचता येतं.

नकलांच्या बाबतीत आपला पण इतिहास काही बरा नाही. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जेजे स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन परत केल्या, त्यातल्या बऱ्याच १८८५ ला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोन्ही वेळा नकला इथून तिकडे नेलेल्या होत्या. मूळ चित्रं वाघूर नदीच्या कड्यात वटवाघळांच्या संगतीत अजून आहेत, जशी आहेत तशी.

२२ मे, गुरुवार

दुपारी पावणेतीनला ऑफिसात मीटिंग चालू असताना मामांचा फोन. मामा कधी फोन करत नाहीत. "पाव्हनं, फरशी उकारलीया. इराच्या खाली आजून चित्रं हायती. गवंडी म्हनतोय उंद्या काँक्रेट."

कॅमेरा घरी, घर उलट दिशेला. पोटात दुखतंय सांगून निघालो, गाडीवर, कात्रजच्या पुढे पावसाने गाठलं. मेमध्ये असला पाऊस. पोचलो तेव्हा पावणेसहा वाजले असतील, उजेड जेमतेम तासभर.

चौथी चौकट होती. इतके दिवस आम्ही ज्याला खालची चौकट म्हणत होतो ती खालून दुसरी निघाली. फूटभर खाली, चिखलात, पण शेंदूर नाही, तेल नाही, हात नाही, त्यामुळे काल कोरल्यासारखी कड. वीर आडवा पडलाय आणि त्याच्या शेजारी गायी.

म्हणजे हा कुठल्या राजाच्या लढाईत मेला नाही. गावाची गुरं कोणीतरी पळवून नेत होतं आणि हा त्यांच्या मागे गेला. गावात कोणी म्हणतं शिवाजी महाराजांच्या फौजेतला सरदार होता, कोणी म्हणतं पेशव्यांच्या, अध्यक्षांनी बॅनरवर "सरदार" लिहून पण घेतलंय. मी तिथे चिखलात उकिडवा बसलो होतो आणि एकदम वाटलं की आपण गेले सहा महिने याच्या छातीचा खड्डा मोजत होतो आणि याच्या गायी पायाखाली होत्या.

मोबाइलने काढले, ६४ फोटो. गवंड्याने त्याची मीटरटेप उघडून दगडाशेजारी धरली, त्याच्या पोराने छत्री धरली, मामांनी दुसऱ्या मोबाइलची बॅटरी तिरपी मारली, फेब्रुवारीत बघून ठेवलं होतं त्यांनी. वरच्या लढाईच्या चौकटीचा खालचा भाग पण प्रत्येक फोटोत येईल असं बघितलं, जोडायला लागेल म्हणून. चार फोटो हलले. पाणी साचायला लागलं तेव्हा थांबलो.

रात्री अध्यक्षांच्या घरी गेलो, म्हटलं दगड एक फूट वर घेऊ, किंवा पुढे खड्डा ठेवून जाळी बसवू. ते म्हणाले सकाळी समितीला विचारतो.

२३ मे

सकाळी साडेआठला गाडी आली काँक्रीटची. समितीची मीटिंग अकराला होती.

दोष कोणाला देत नाही, पाऊस लवकर येतोय हे सगळ्यांना दिसत होतं आणि पाया उघडा ठेवून चालणार नव्हतं. पण लिहून ठेवतो की अडीच तासांचा फरक होता.

१ जून

मुसळधार. काही नाही.

१५ जून

जोडकाम. वरचा भाग डिसेंबरचा, चांगल्या कॅमेऱ्याचा, शांत उजेडातला. खालचा भाग मे महिन्याचा, मोबाइलचा, ओला, छत्रीच्या निळ्या सावलीतला. सॉफ्टवेअरला हे दोन वेगळे दगड वाटतात, आपोआप जुळवत नाही. भाच्याने लढाईच्या चौकटीतले दोन्हीकडे दिसणारे बिंदू हाताने निवडले, ढालीची कड, घोड्याचा खूर, एक टवका, असे नऊ. मध्ये बोटभर रुंदीची एक पट्टी कुठल्याच फोटोत नीट आलेली नाही, तिथे चिखल होता. तिथे काय करायचं हे मी विचारायच्या आधीच त्याने ती राखाडी ठेवली होती, आणि टेक्स्ट फाइलमध्ये "माहिती नाही" असं लिहून. मार्चनंतर पहिल्यांदा मॅडमनी त्याला डब्यातली वडी दिली.

खालच्या भागाचं मोजमाप गवंड्याच्या टेपवरून. वाकलेली होती टेप, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे धरायचं. तेही लिहिलं.

१२ जुलै, शनिवार

काल रात्री बातमी आली, आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. गावात पण साखर वाटली. राजगड इथून उघडिपीला दिसतो. कोषाध्यक्ष आज बोलले आमच्याशी.

नवा मंडप झालाय, खाली पांढरी फरशी, दगड जागेवर, साडेतीन फूट, शेंदूर ताजा. बोर्ड लावायला समितीने परवानगी दिलीये, क्यूआर कोड स्कॅन केला की मॉडेल फिरवता येतं, बोर्डावर "सरदार" शब्द नाही, यासाठी मॅडमनी तीन मीटिंगा घेतल्या. अध्यक्षांनी विचारलं मग कोण होता लिहायचं? मॅडमनी लिहिलं, "गावची गुरं राखताना कामी आलेला वीर, नाव माहीत नाही."

मामांना मोबाइलवर पूर्ण मॉडेल दाखवलं. त्यांनी आधी बोट कुठे ठेवायचं, कसं फिरवायचं ते विचारून घेतलं, मग फिरवत खालच्या चौकटीवर आणलं आणि जवळ धरून बघत राहिले.

"पाच हायती."

म्हटलं मामा, चार आहेत, आम्ही मोजल्यात, बोर्डावर पण चार लिहिलंय.

"पाच. ही गाय मान मागं करून हाय ती कशाला? तिच्या पोटाखाली बग."

रंग बंद करून नुसता आकार ठेवला, उजेड डावीकडून तिरपा केला. गायीच्या मागच्या पायाशी एक बारीक उंचवटा, त्याला वर गेलेली मान आहे, कदाचित. मॅडमनी चष्मा पुसून बघितलं. भाचा म्हणाला मेशचा (मॉडेलच्या जाळीचा) नॉइज असू शकतो, मूळ फोटो बघावे लागतील, ६४ पैकी तीनमध्येच तो कोपरा आलाय आणि त्यातला एक हललेला.

टेक्स्ट फाइल बदलली: "गायी चार, वासरू एक (बहुधा, गुरव मामांचं निरीक्षण, १२ जुलै २०२५)". बोर्ड उद्या परत पेंटरकडे.